परतीचे दोर कापू नका, दोर धरायला शिका



आपल्या चॅनलवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न कुठला असेल, ओळखा बरं. लोनचा? जीएसटीचा? नाही. तो प्रश्न आहे, "सर, नोकरी सोडू का?" आणि त्याच्या खालोखाल, बहुतेक वेळा ताईंकडून, हे वाक्य येतं: "घरचे म्हणतात, ही तुझी हौस आहे. हौस म्हणून कर, बिझनेसबिझनेस डोक्यात घेऊ नकोस."

वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. पण दोन्हींच्या मागे समजूत एकच आहे. काम दोनच प्रकारचं असतं, एक सगळं सोडून केलेलं, म्हणजे सिरियस. आणि दुसरं फावल्या वेळातलं, म्हणजे हौस. आणि हौस म्हटली की थोडं ढिलं चालतंच!

आम्ही ट्रेनर मंडळी या समजुतीला खतपाणी घालतो. स्टेजवरून सिंहगडाची गोष्ट सांगायची, सूर्याजींनी दोर कापले तसे तुम्हीही परतीचे दोर कापा, असं म्हणायचं. हॉल टाळ्यांनी दणाणतो. सिंहगडाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती एका रात्रीची लढाई होती. तुमची लढाई दर महिन्याच्या पाच तारखेला घराचा हप्ता, दहा तारखेला मुलांची फी आणि अधूनमधून आईचं औषधपाणी, अशी वर्षानुवर्षं चालणार आहे. तिथे दोर कापून काय होणार?

माझं मत स्पष्ट आहे. धंद्यात सिरियस असण्याचा आणि नोकरी सोडण्याचा काही संबंध नाही. हौशी असणं आणि ढिलं असणं याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पटवून द्यायला आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत. तिथे नोकरी-संसार सांभाळून शर्यती करणाऱ्या बायकांच्या टीम असतात. त्यांना कुणी पगार देत नाही. पण त्यांच्या कामाची शिस्त पाहिली की आपल्यातले बरेच 'फुलटाइम' उद्योजक खाली मान घालतील.

एक शर्यत, मोटार नाही, आणि दुसरं बक्षीस सुऱ्यांचं

अमेरिकेच्या वायव्य टोकाला पोर्ट टाउनसेंड नावाचं गाव आहे. तिथून निघून कॅनडाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने अलास्कातल्या केचिकन बंदरापर्यंत एक शर्यत होते. तिचं नाव 'रेस टू अलास्का'. 2015 मध्ये सुरू झाली. अंतर 750 मैल. नियम मोजकेच आणि कडक. होडीला मोटार चालणार नाही. वाटेत खास तुमच्यासाठी ठेवलेली कुठलीही मदत चालणार नाही. शीड वापरा, वल्ही मारा, काय हवं ते करा, पण वाऱ्याने आणि अंगच्या ताकदीने पोहोचा.

पहिलं बक्षीस 10,000 डॉलर. दुसरं बक्षीस? मांस कापायच्या सुऱ्यांचा एक सेट! तिसऱ्याला काही नाही.

पाणी इतकं थंड की त्यात पडणं म्हणजे जिवाशी खेळ. पाण्यात तरंगणारे मोठमोठे ओंडके, होडीला धडकले तर शर्यत तिथेच संपली. वाटेत सेमूर नॅरोज नावाची एक चिंचोळी खाडी लागते. तिथे भरती-ओहोटीच्या जोरावर पाणी तासाला 25 किलोमीटरपेक्षाही जास्त वेगाने वाहू शकतं. म्हणजे तिथे चुकीच्या वेळी पोहोचलात तर कितीही जोर लावा, पाणीच तुम्हाला मागे ढकलणार. वेळ साधावीच लागते.

2018 मध्ये ही शर्यत जिंकली 'सेल लाइक अ गर्ल' नावाच्या टीमने. वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावरची टीम, आठ जणी, कॅप्टन जीन गुसेव. होडी 32 फुटांची, किनाऱ्याजवळच्या दिवसभराच्या शर्यतींसाठी बांधलेली. म्हणजे आत आराम, ऐसपैस जागा असला प्रकार नाही. त्याआधीच्या तिन्ही वर्षी दोन-तीन सांगाडे जोडलेल्या वेगवान जोडहोड्या जिंकल्या होत्या. एकेरी होडीने शर्यत जिंकायची ती पहिलीच वेळ आणि सगळ्या बायकांच्या टीमने जिंकायचीही पहिलीच. साधारण साडेसहा दिवस लागले.

आता हिशोब करा. 10,000 भागिले आठ, म्हणजे प्रत्येकीला 1,250 डॉलर. होडीच्या तयारीचा खर्च धरला तर हातात काय उरणार? तेव्हा हे पैशासाठी नव्हतं, हे उघड आहे. शुद्ध हौस. पण ती हौस कशी चालते, ते बघू.

पहिली गोष्ट: शर्यत तुमच्यासाठी थांबत नाही

शिडाच्या होड्यांच्या बहुतेक क्लब शर्यतींमध्ये सुरुवात करायची पद्धत ठरलेली असते. पाच मिनिटं आधी पहिला इशारा, चार मिनिटं असताना दुसरा, एक मिनिट असताना तिसरा, आणि मग सुरुवात. होड्या काही जागेवर उभ्या राहू शकत नाहीत, त्या रेषेमागे घिरट्या घालत असतात. अचूक सेकंदाला रेषेवर पोहोचायचं. पाच सेकंद उशीर झाला तर पुढच्या होड्या तुमचा वारा खातात. पाच सेकंद लवकर गेलात तर मागे फिरून पुन्हा सुरुवात करावी लागते.

इथे "आज ऑफिसमधून निघायला उशीर झाला" हे कारण कोण ऐकणार? टीममधली एक आली नाही तर बाकीच्यांची शर्यत बिघडते. म्हणून हौशी क्रूमध्ये सगळ्यात मोठा गुण कुठला मानतात? ताकद नाही, अनुभवही नाही. ठरलेल्या वेळी धक्क्यावर हजर असणं.

आता आपल्याकडे या. "घरगुती आहे ना ताईंचं, थोडं पुढेमागे होतं," असं कस्टमरच म्हणतो. आणि आपल्यालाही ते ऐकायला गोड लागतं! दिवाळीचा फराळ धनत्रयोदशीऐवजी पाडव्याला पोहोचतो. ब्लाउज लग्नाच्या आदल्या रात्री अकरा वाजता मिळतो. तुम्ही रोज फक्त दोन तास देत असाल, हरकत नाही. पण ते दोन तास कुठले, हे घरच्यांना, कस्टमरला आणि तुम्हाला स्वतःला पाठ असलं पाहिजे. आठ ते दहा म्हणजे आठ ते दहा. त्या वेळात पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कुणीतरी करायचा.

दुसरी गोष्ट: प्रत्येकीची जागा ठरलेली

शर्यतीच्या होडीवर "आपण सगळ्या मिळून सगळं करू" असं कधीच नसतं. एक जण सुकाणू धरते. एक वारा आणि पाणी बघून रस्ता ठरवते. एकीकडे मोठं शीड, एकीकडे पुढचं शीड. एक डोलकाठीपाशी दोर ओढायला. एक अगदी पुढे नाळेवर, जिथे लाटांचा मारा सगळ्यात जास्त.

वाऱ्याच्या समोर होडीला सरळ जाता येत नाही. आधी एका बाजूने तिरकं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकं, असं नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणाला काही सेकंदांत सगळं बदलतं. शीड या बाजूचं त्या बाजूला, जुना दोर सोडायचा, नवा ओढून विंचवर आवळायचा, सगळ्यांनी वाकून पलीकडच्या काठावर जाऊन बसायचं. दोघींनी एकच दोर धरला तर गोंधळ. एक दोर कुणीच धरला नाही तर त्याहून मोठा गोंधळ. आणि हाक एकच येते. ती पटली नाही तरी त्या क्षणी वळायचं. वाद घालायचा तो धक्क्यावर परत आल्यावर, शीड घडी करताना.

मैत्रिणी-मैत्रिणींनी किंवा जावा-जावांनी मिळून सुरू केलेले किती धंदे मी दोन वर्षांत बंद पडताना पाहतो! प्रॉडक्ट चांगलं असतं, गिऱ्हाईकही असतं. बिनसतं कशावरून? "मीच एकटी मरमर करते." पैसे मागायचा फोन कुणी करायचा, हेच ठरलेलं नसतं. उधारी वाढत जाते, आणि शेवटी बोलणंच बंद. माझ्या एका बॅचमध्ये पापड-मसाल्याचं काम करणाऱ्या चौघी जणी होत्या. त्यांना मी एकच काम सांगितलं: एका कागदावर खरेदी, उत्पादन, विक्री, वसुली आणि हिशोब असे पाच रकाने करा. प्रत्येक रकान्यात एकच नाव लिहा आणि त्याच्या खाली, ती आजारी पडली तर कोण, ते दुसरं नाव. बाकीचे चार रकाने दहा मिनिटांत भरले. 'वसुली'समोर अर्धा तास कुणी बोललंच नाही. मग मीच म्हणालो, "ताई, तुमचा धंदा कुठे गळतोय, ते कागदाने दाखवलं की नाही?"

ते खालचं दुसरं नाव विसरू नका. समुद्रात एखादीचा हात दुखावला तर किनाऱ्यावरून बदली येत नाही. शेजारचीला ते काम यावंच लागतं.

तिसरी गोष्ट: वारा पडणार, हे धरूनच चालायचं

या आठ जणींच्या होडीला मागच्या बाजूला सायकलसारखी पॅडल बसवलेली होती. वारा पडला की पाळीपाळीने त्यावर बसायचं, पाय मारायचे, पाण्यात पंखा फिरायचा, होडी पुढे सरकायची. हळू सरकते, पण सरकते.

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त ही पॅडल आवडतात. ती काही दिसायला देखणी नाहीत. शीड फुगलेल्या होडीचा फोटो भारी येतो, पॅडल मारणाऱ्या बाईचा येत नाही. पण निघण्याच्या आधीच त्यांनी मान्य केलं होतं की वारा कधीतरी पडणारच आहे.

तुमच्या धंद्यात वारा कधी पडतो? पितृपक्षात पडतो, परीक्षांच्या महिन्यात पडतो, पावसाळ्यात पडतो. दरवर्षी पडतो आणि दरवर्षी आपण म्हणतो, "यंदा मार्केटच डाऊन आहे!" मग त्या काळातली तुमची पॅडल कुठली? जुन्या कस्टमरला फोन, टिफिनसारखं महिन्याचं बांधलेलं काम, मशीनची दुरुस्ती, पुढच्या सीझनचा कच्चा माल स्वस्तात घेणं. आणि हो, ज्यांची नोकरी चालू आहे त्यांच्यासाठी सगळ्यात भक्कम पॅडल म्हणजे महिन्याचा पगार! तेच उपटून समुद्रात फेकायचा सल्ला तुम्हाला कुणी देत असेल, तर त्याला विचारा, वारा पडल्यावर पाय कोण मारणार?

चौथी गोष्ट: चूक झाली की गोल फिरून घ्या

होड्यांच्या बहुतेक शर्यतींत मैदानासारखा शिट्टी घेतलेला पंच प्रत्येक होडीमागे नसतो. दुसऱ्या होडीचा हक्काचा रस्ता तुम्ही अडवला, तर कुणी शिक्षा देण्याची वाट बघायची नसते. स्वतःहून बाजूला व्हायचं आणि होडी दोनदा गोल फिरवायची, की झाली शिक्षा पूर्ण. मग पुन्हा शर्यतीत. त्यात वेळ जातो, दोन-चार होड्या पुढे निघून जातात. पण "तू की मी" करत बसलात आणि नंतर तक्रारीच्या सुनावणीत चूक तुमची ठरली, तर त्या शर्यतीतून बादच होता.

कस्टमरच्या तक्रारीचं अगदी असंच आहे. डबा खराब निघाला? "बाकीच्यांचा तर चांगला होता" हे वाक्य तोंडातून काढू नका. नवा डबा द्या, सॉरी म्हणा, पुढे चला. एका डब्याचं नुकसान सोसा. वाद घालत बसलात तर सोसायटीच्या ग्रुपवर जी सुनावणी होते, त्यात बाद होणं जास्त महाग पडतं.

"पण सर, ट्रेसी एडवर्ड्सने तर घर गहाण ठेवलं होतं!"

हा प्रश्न येणार, मला माहिती आहे. कारण 'मेडन'ची डॉक्युमेंटरी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. ब्रिटनच्या ट्रेसी एडवर्ड्सने घर गहाण टाकून एक जुनी, सेकंडहँड होडी घेतली. तिला 'मेडन' नाव दिलं, बायकांची टीम बांधली आणि 1989-90 च्या 'व्हिटब्रेड' या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरली. स्पॉन्सर नकार देत होते, पत्रकार टिंगल करत होते. त्या टीमने आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा नंबर मिळवला.

म्हणजे दोर कापलेच ना? जरा थांबा. त्याच्या आधीच्या, 1985-86 च्या शर्यतीत ट्रेसी दुसऱ्यांच्या होडीवर स्वयंपाकी म्हणून गेली होती. तो समुद्र, ती थंडी, तो खर्च, सगळं दुसऱ्याच्या होडीवर राहून शिकली होती. घर गहाण पडलं ते शिकून झाल्यावर. आणि नुसत्या घरावर भागलंही नाही. शेवटी जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या मदतीने तिथल्या विमान कंपनीची स्पॉन्सरशिप मिळाली, तेव्हा शर्यत शक्य झाली. ही गोष्ट सांगताना आम्ही ट्रेनर लोक घर गहाण टाकल्याचं मोठ्याने सांगतो आणि स्वयंपाकघरातली ती फेरी गाळतो. हे बरोबर नाही.

आणि "हे सगळं गोऱ्या लोकांचं" असंही म्हणू नका. हीच 'मेडन' होडी नव्या महिला टीमला घेऊन पुन्हा समुद्रात उतरली आणि 2024 मध्ये तिने 'ओशन ग्लोब रेस' जिंकली. जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी ती पहिली संपूर्ण महिला टीम. त्या टीममध्ये दोन भारतीय होत्या, पायल गुप्ता आणि मुंबईच्या धन्या पिलो. पायल यांनी त्याआधी नौदलाच्या सहा अधिकारी महिलांच्या टीममधून 'तारिणी'वरून जगाला वळसा घातला होता. 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 ला गोव्यातच परतल्या. ती 'तारिणी' बांधली गेली तीही गोव्यात, दिवाडी बेटावर.

2024 च्या त्या विजयातली एक गंमत सांगतो. रेषा सगळ्यात आधी ओलांडली ती दुसऱ्याच, मोठ्या होडीने. पण प्रत्येक होडीचा आकार आणि क्षमता धरून वेळेचा हिशोब केला, तेव्हा 'मेडन' पहिली आली. शेजारच्या मोठ्या दुकानाच्या गल्ल्याकडे बघून ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी हे लिहून ठेवा. तुमच्या भांडवलाच्या मानाने तुम्ही किती कमावता, ते मोजा.

एक फरक मात्र विसरू नका

होडीची उपमा सगळीकडे लागू पडत नाही, हे मीही मान्य करतो. शिडाच्या शर्यती हा महागडा छंद आहे. ज्यांच्या घरी चूल पेटायची चिंता आहे, त्यांना तो परवडत नाही. आणि मुख्य म्हणजे त्या बायकांना आपल्या कष्टाची किंमत वसूल करायची नसते. तुम्हाला करायचीच आहे.

म्हणूनच मला राग येतो. काही मिळत नसताना त्या सेकंदाचा हिशोब ठेवतात, आणि आपण पैसे घेऊन काम करतो तरी रुपयाचा ठेवत नाही! "घरचीच तर मेहनत आहे" म्हणून स्वतःची मजुरी किमतीत धरत नाही. गॅस, वीज, रिक्षाचं भाडं धरत नाही. मग वर्षाच्या शेवटी घरचे म्हणतात, "हौसच आहे तिची, उरतं काय?" आणि दुर्दैवाने त्या दिवशी आपल्याकडे दाखवायला वहीच नसते. घरच्यांचं तोंड भाषणाने बंद होत नाही ताई. वहीने होतं.

मग नोकरी कधी सोडायची?

माझा साधा नियम आहे. धंद्याने सलग बारा महिने, पडत्या महिन्यांसकट, स्वतःचा खर्च आणि तुमची मजुरी काढली पाहिजे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असला पाहिजे. आणि पाच रकान्यांच्या कागदावर प्रत्येक ठिकाणी दोन नावं असली पाहिजेत. हे झालं की या, आपण बोलू. तोपर्यंत नोकरी करत धंदा करा, आणि त्याची लाज बाळगू नका. आपल्या हौशी रंगभूमीवरची माणसं दिवसा बँकेत, शाळेत काम करून रात्री तालमी करत आली आहेत. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतोच ना?

शिडाच्या होडीवर दोर हीच सगळी ताकद असते. शीड दोरानेच चढतं आणि दोरानेच वळतं. तिथे दोर कापणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही.

या आठवड्याचा होमवर्क

1. तुमचे धंद्याचे तास ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रिजवर चिकटवा.
2. पाच रकान्यांचा कागद भरा. एकटेच असाल तरी भरा, दुसऱ्या नावाच्या जागी घरातलं कोण, ते ठरवा.
3. मागच्या वर्षी कुठल्या दोन महिन्यांत वारा पडला होता ते बघा आणि यंदाची पॅडल आत्ताच ठरवा.
4. तुमच्या एका प्रॉडक्टची किंमत स्वतःची मजुरी धरून पुन्हा काढा.

कुठला रकाना रिकामा राहिला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. लाजू नका, सगळ्यांचा एक तरी राहतोच. पुढच्या व्हिडिओत आपण फक्त 'वसुली' या एकाच रकान्यावर बोलणार आहोत. तोपर्यंत वेळेवर धक्क्यावर हजर राहा.

भेटूया!